प्रबंधाबरोबर संशोधकही घडावा
पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचे कौशल्य-प्रशिक्षण : एक अभ्यास

विद्यापीठाची सर्वोच्च पदवी म्हणून पीएच.डी.कडे पाहिले जाते. चार-सहा वर्षांच्या परिश्रमानंतर बांधणी केलेला प्रबंध विद्यापीठात दाखल होतो, परीक्षकांचे अहवाल येतात, मौखिक परीक्षा पार पडते आणि उमेदवाराच्या नावाआधी ‘डॉक्टर’ ही उपाधी लागते. समाजाच्या दृष्टीने येथे एक कार्य पूर्ण होते. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र एक महत्त्वाचा प्रश्न येथेच उभा राहतो. या वर्षांत प्रबंध तयार झाला हे उघड आहे. परंतु संशोधक तयार झाला काय?

हे दोन प्रश्न एकच आहेत असा समज दीर्घकाळ होता. प्रबंध लिहिता लिहिता उमेदवाराला संशोधनाची सर्व अंगे आपोआप अवगत होतात, त्यासाठी वेगळ्या शिक्षणाची गरज नाही, असे मानले जात असे. गेल्या पंचवीस वर्षांत जगातील अनेक देशांत आणि भारतातही हा समज मागे पडला आहे. संशोधन करणे, ते लिहिणे, ते शिकविणे, ते सामान्य माणसाला समजावून सांगणे आणि त्यातून उपजीविकेचा मार्ग शोधणे ही निरनिराळी कौशल्ये आहेत व ती शिकवावी लागतात, ही जाणीव आता नियमांतही उतरली आहे.

या प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०१४-१५ साली देशात पीएच.डी.साठी नोंदणी असलेले विद्यार्थी सुमारे १ लाख १७ हजार होते. २०२१-२२ साली ही संख्या सुमारे २ लाख १३ हजारांवर गेली. याच काळात विद्यार्थिनींची संख्या सुमारे ४८ हजारांवरून ९९ हजारांपर्यंत, म्हणजे दुपटीहून अधिक वाढली. यांतील अनेकजण आपल्या कुटुंबातील, काहीजण तर आपल्या गावातील पहिलेच संशोधक असतात. त्यांच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे या कामी लागतात आणि अधिछात्रवृत्तीच्या रूपाने सार्वजनिक पैसाही खर्च होतो. या सर्वांना विद्यापीठांत अध्यापकाची जागा मिळेल असे गृहीत धरता येत नाही. अशा वेळी पदवीबरोबर त्यांच्या हाती कोणती कौशल्ये येतात, हा केवळ विद्यापीठांचा अंतर्गत प्रश्न राहत नाही.

पदवीची परंपरा

संशोधनावर आधारलेली आजची पीएच.डी. ही मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील जर्मन विद्यापीठांची देणगी होय. १८१० साली स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठाने अध्यापन आणि संशोधन एकत्र असावे हा विचार रुजविला. अमेरिकेत येल येथे १८६१ साली पहिल्या पीएच.डी. पदव्या देण्यात आल्या. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डने ही पदवी १९१७ साली स्वीकारली. मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली असली, तरी प्रारंभी ती प्रामुख्याने परीक्षा घेणारी विद्यापीठे होती. त्यामुळे संशोधनाचे शिक्षण घेण्यासाठी भारतीय विद्यार्थी परदेशी जात.

श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून १९११ साली पीएच.डी. मिळविली. स्वदेशी परतल्यावर त्यांनी तेवीस खंडांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे कार्य हाती घेतले. त्यासाठी त्यांना मर्यादित कंपनी उभारावी लागली, वर्गणीदार मिळवावे लागले, लेखकांचा संच जमवावा लागला आणि पाश्चात्त्य शास्त्रांचे ज्ञान मराठीत उतरवावे लागले. विद्वत्तेला संघटनेची, लेखनाची आणि व्यवहारज्ञानाची जोड मिळाली, तेव्हा ज्ञानकोश सिद्ध झाला. ही जोड केतकरांनी स्वतःच्या कर्तृत्वाने मिळविली. प्रत्येक संशोधक केतकर नसतो, म्हणूनच ही कौशल्ये शिकविण्याची व्यवस्था लागते.

मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. १९२४ पासून डॉ. गो. स. घुर्ये यांनी तेथे विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडविल्या. इरावती कर्वे व एम. एन. श्रीनिवास हे त्यांचेच विद्यार्थी. पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ साली पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या परंपरेत तेथील विद्यार्थी नदीकाठाने पायी फिरून अवशेष शोधावयास शिकले. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात चाललेले उत्खनन हे तर एक क्षेत्रीय विद्यालयच होते. खणावे कसे, थर कसे ओळखावेत, खापराची नोंद कशी ठेवावी, गावकऱ्यांशी कसे वागावे, हे तेथे हाताने काम करून शिकावे लागे.

या गुरु-शिष्य पद्धतीचे मोल मोठे आहे. चांगल्या मार्गदर्शकाच्या सहवासात जे शिकता येते, ते कोणत्याही कार्यशाळेत शिकता येत नाही. तथापि या पद्धतीत एक मूलभूत उणीव आहे. विद्यार्थ्याचे सर्व भवितव्य एका व्यक्तीच्या वृत्तीवर, वेळेवर आणि आवडीनिवडीवर अवलंबून राहते.

कमला सोहोनी यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने संपादन केल्यानंतर १९३३ साली त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. त्या वेळचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्या स्त्री असल्याच्या कारणावरून प्रथम नकार दिला. त्यांनी आग्रह धरल्यावर एक वर्षाच्या परीक्षाकालाच्या अटीवर प्रवेश मिळाला. तेथेच श्री. श्रीनिवासय्या यांच्यासारखे शिस्तप्रिय शिक्षक त्यांना लाभले. पुढे १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळविणाऱ्या कमलाबाई विज्ञानशाखेत ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर केलेले कार्य प्रसिद्ध आहे. एका व्यक्तीच्या नकाराने एक शास्त्रज्ञ देशाला मुकली असती आणि एका शिक्षकाच्या शिस्तीने ती घडली. शिक्षणाची व्यवस्था अशा योगायोगावर सोडता येत नाही, हाच यातील बोध आहे.

ब्रिटनमधील अनुभव

योगायोगाऐवजी व्यवस्था उभी करण्याचा पद्धतशीर प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला, म्हणून तो अनुभव पाहणे उपयुक्त ठरेल. तेथील संशोधन परिषदांनी २००१ साली एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध करून पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला कोणती कौशल्ये आली पाहिजेत, हे सात शीर्षकांखाली सांगितले. संशोधनाची तंत्रे, संशोधनक्षेत्राची जाण, कामाचे व्यवस्थापन, वैयक्तिक कार्यक्षमता, संवाद, इतरांबरोबर काम करण्याची क्षमता आणि व्यवसायाचे नियोजन अशी ती शीर्षके होत.

पुढील वर्षी, २००२ मध्ये, सर गॅरेथ रॉबर्ट्स यांचा अहवाल ब्रिटिश शासनाला सादर झाला. विज्ञान व अभियांत्रिकीतील मनुष्यबळाचा विचार करताना त्यांना असे आढळले की, पीएच.डी.धारकांचे शिक्षण त्यांना उद्योगात वा अध्यापनात काम करण्यासाठी पुरेसे सिद्ध करीत नाही. प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला दरवर्षी किमान दोन आठवडे कौशल्यांचे स्वतंत्र प्रशिक्षण द्यावे, अशी शिफारस त्यांनी केली. शासनाने ती स्वीकारली आणि २०११ पर्यंत या कामासाठी विद्यापीठांना वर्षाकाठी सुमारे दोन कोटी पौंडांचा वेगळा निधी मिळत राहिला. २०१० साली संशोधकाच्या विकासाचा एक आराखडाही तयार झाला. ज्ञान व बौद्धिक क्षमता, वैयक्तिक कार्यक्षमता, संशोधनाची शिस्त व संघटन, आणि समाजाशी संपर्क व प्रभाव अशी त्याची चार क्षेत्रे आहेत.

या अनुभवातून दोन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, कौशल्यांची नावे स्पष्टपणे लिहून काढल्यामुळे विद्यार्थ्याला स्वतःचे मूल्यमापन करता आले. ‘मला संख्याशास्त्र येत नाही’ किंवा ‘मला चार लोकांत बोलता येत नाही’ हे त्याला उघडपणे सांगता आले आणि त्यावर उपायही मागता आला. दुसरी गोष्ट सावधगिरीची आहे. जेथे प्रशिक्षण म्हणजे केवळ हजेरी लावण्याच्या कार्यशाळा झाल्या, तेथे विद्यार्थ्यांना ते आपल्या प्रबंधाच्या कामातील व्यत्यय वाटू लागले. कौशल्य हे प्रत्यक्ष संशोधनाशी जोडूनच शिकविले पाहिजे, हे यावरून स्पष्ट होते.

याच काळात ऑस्ट्रेलियात एक साधा पण परिणामकारक उपक्रम सुरू झाला. क्वीन्सलँड राज्यात तेव्हा तीव्र पाणीटंचाई होती. स्नानाला तीन मिनिटांहून अधिक वेळ पाणी वापरू नये म्हणून अनेक घरांतील न्हाणीघरांत वाळूची छोटी घड्याळे लावलेली असत. त्यावरून क्वीन्सलँड विद्यापीठाला अशी कल्पना सुचली की, संशोधक विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधाचे सार तीन मिनिटांत सांगावे आणि तेही विषयाची माहिती नसलेल्या श्रोत्याला समजेल अशा भाषेत. २००८ साली तेथे सुरू झालेली ही स्पर्धा पुढे अनेक देशांत पसरली. तिला खर्च फारसा येत नाही. पण ज्याला आपला विषय तीन मिनिटांत सांगता येत नाही, त्याला तो स्वतःला कितपत समजला आहे, याची परीक्षा मात्र होते.

भारतातील नियमांची वाटचाल

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांनी पीएच.डी.साठी प्रवेश परीक्षा आणि किमान एका सत्राचा पूर्वतयारी अभ्यासक्रम, म्हणजे प्रचलित भाषेत ‘कोर्सवर्क’, बंधनकारक केले. प्रबंधाची प्रत संगणकीय स्वरूपात उपलब्ध करून देण्याची तरतूदही त्यात होती. त्यातूनच गांधीनगर येथील केंद्राने चालविलेला ‘शोधगंगा’ हा प्रबंधांचा संग्रह वाढला. पूर्वी ग्रंथालयाच्या कपाटात बंद असलेले प्रबंध आता तालुक्याच्या गावी बसून वाचता येतात.

२०१६ च्या नियमांनी एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असावेत यावर मर्यादा घातली. पीएच.डी.साठी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार, अशी ही मर्यादा २०२२ च्या नियमांतही कायम आहे. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती नेमून तिच्यापुढे ठराविक काळाने प्रगती मांडावयाची, ही पद्धतही रूढ झाली. एका मार्गदर्शकावरील संपूर्ण अवलंबित्व कमी करण्याच्या दृष्टीने या समितीचे महत्त्व फार मोठे आहे.

वाङ्मयचौर्याला आळा घालण्यासाठी २०१८ साली स्वतंत्र नियम झाले. इतरांच्या लेखनाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. दहा ते चाळीस टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो. चाळीस ते साठ टक्के असल्यास एक वर्षपर्यंत तो सादर करता येत नाही. आणि साठ टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द होते. परंतु केवळ शिक्षेने सचोटी येत नाही. दुसऱ्याचा विचार स्वतःच्या शब्दांत कसा मांडावा, श्रेय कसे द्यावे, अवतरण केव्हा घ्यावे, हे ज्याला कोणी शिकविलेच नाही, त्याच्याकडून अजाणता चूक होऊ शकते. म्हणूनच २०१९ साली आयोगाने ‘संशोधन व प्रकाशन नीती’ हा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम तयार करून सर्व शाखांच्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी आवश्यक केला. खऱ्या आणि बनावट संशोधन-नियतकालिकांतील फरक ओळखणे हा त्याचा एक भाग आहे.

त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रसिद्ध झालेल्या नियमांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. पूर्वतयारी अभ्यासक्रम किमान बारा श्रेयांकांचा झाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मधील विचाराला अनुसरून प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने, मग तो कोणत्याही विद्याशाखेचा असो, आपल्या विषयाशी संबंधित अध्यापन व लेखनाचे प्रशिक्षण घेणे आवश्यक ठरले. त्याला आठवड्यातून चार ते सहा तास अध्यापनसाहाय्य, प्रयोगशाळेतील मार्गदर्शन किंवा मूल्यमापनाचे काम देण्याची मुभाही ठेवण्यात आली. विद्यार्थिनींना पदवी पूर्ण करण्यासाठी दोन वर्षांची अधिक मुदत आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा यांची तरतूद या नियमांतही आहे.

याच नियमांनी प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती काढून टाकली, ही गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. सक्ती असताना पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले होते. विश्वसनीय नियतकालिकांची यादी ठेवण्याची आयोगाची व्यवस्थाही २०२५ साली बंद करण्यात आली. याचा अर्थ असा की, कोणते नियतकालिक चांगले आणि कोणते बनावट, हे ठरविण्याची जबाबदारी आता संस्थेवर, मार्गदर्शकावर आणि अंतिमतः विद्यार्थ्यावर आली आहे. नियम कमी झाला की विवेकाची गरज वाढते आणि विवेक हा प्रशिक्षणानेच येतो.

कौशल्य म्हणजे नेमके काय?

‘कौशल्य’ हा शब्द अलीकडे फार सैलपणे वापरला जातो. संशोधनाच्या संदर्भात त्याचा अर्थ काय, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहता येईल. समजा, एक विद्यार्थिनी आपल्या तालुक्यातील विहिरींच्या पाण्याचा अभ्यास करीत आहे.

तिचे पहिले कौशल्य प्रश्न विचारण्याचे. ‘तुमच्या विहिरीला पाणी पुरेसे आहे का?’ असे विचारले, तर प्रत्येक शेतकऱ्याच्या मनातील ‘पुरेसे’ वेगळे असते आणि उत्तरांची तुलना होत नाही. ‘गेल्या वर्षी विहिरीला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी होते?’ असे विचारले, तर मोजता येण्याजोगे उत्तर मिळते.

दुसरे कौशल्य नमुना निवडण्याचे. एस.टी. जाते त्या गावांतील, रस्त्यालगतच्याच विहिरी तिने पाहिल्या, तर डोंगरावरील वाड्या-वस्त्यांच्या विहिरी सुटतील. आणि बहुधा त्याच आधी कोरड्या पडत असतील. मग निष्कर्ष कितीही आकडेवारीने सजविला, तरी तो चुकीचाच राहील.

तिसरे कौशल्य उपलब्ध माहिती शोधण्याचे. सातबाऱ्यावरील पिकांच्या नोंदी, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची मोजमापे, पर्जन्यमापकांच्या नोंदी यांचा उपयोग कसा करावा, त्यांच्या मर्यादा कोणत्या, हे तिला समजले पाहिजे. अर्ज कसा लिहावा आणि कोणत्या कार्यालयाकडे जावे, हेही यातच येते.

चौथे कौशल्य व्यवस्थापनाचे. पावसाळ्यापूर्वीचे मोजमाप मे महिन्यात राहून गेले, तर पूर्ण एक वर्ष वाया जाते. वेळापत्रक, खर्चाचा हिशेब, नोंदवह्या आणि माहितीच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवण्याची शिस्त या गोष्टी किरकोळ वाटतात. पण त्यांच्या अभावी अनेक प्रबंध रखडतात.

पाचवे कौशल्य लेखनाचे. परीक्षकांसाठी लिहिलेला प्रबंध, संशोधन-नियतकालिकासाठी लिहिलेला निबंध, जिल्हा परिषदेसाठी लिहिलेला दोन पानांचा अहवाल आणि गावासाठी लिहिलेले एक पान ही चार वेगळी लेखने होत. एकाची भाषा दुसऱ्याला चालत नाही.

सहावे कौशल्य संवादाचे आणि नीतीचे. माहिती देणाऱ्याला तिचा उद्देश मराठीत, त्याला समजेल असा सांगणे, त्याने नकार दिल्यास तो मानणे, त्याचे नाव गुप्त ठेवणे आणि काम झाल्यावर निष्कर्ष त्याच्यापर्यंत पोहोचविणे, ही संशोधकाची कर्तव्ये आहेत. प्रत्यक्षात गावात अनेक सर्वेक्षणे होतात, प्रश्नावल्या भरून नेल्या जातात आणि पुढे काय झाले, ते गावाला कधीच कळत नाही. पुढच्या वेळी गाव सहकार्य करीत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असते.

ही सहा कौशल्ये आत्मसात झाल्यास त्या विद्यार्थिनीला पुढे अध्यापकाची जागा मिळो वा न मिळो, ती जिल्ह्याच्या नियोजनात, पाणलोटाच्या कामात, स्वयंसेवी संस्थेत, वृत्तपत्रात किंवा उद्योगात उपयोगी पडू शकते. केवळ विहिरींवरचा प्रबंध तिला ही क्षमता देत नाही. तो प्रबंध ज्या रीतीने सिद्ध झाला, ती रीत देते.

महाराष्ट्रातील साधने

महाराष्ट्रात या कामासाठी आवश्यक ती साधने बऱ्याच प्रमाणात उपलब्ध आहेत. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था (बार्टी), छत्रपती शाहू महाराज संशोधन, प्रशिक्षण व मानव विकास संस्था (सारथी) आणि नागपूरची महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था (महाज्योती) या संस्थांच्या नावांत संशोधन आणि प्रशिक्षण हे दोन्ही शब्द शेजारी आहेत, हे अर्थपूर्ण आहे. बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्यामार्फत पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देण्याच्या योजना राबविण्यात आल्या. अधिछात्रवृत्तीमुळे विद्यार्थ्याला वेळ मिळतो. त्या वेळाचा उपयोग कसा करावा याचे शिक्षण तिच्याबरोबर मिळाले, तरच खर्च सार्थकी लागतो.

राज्यातील विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेत विद्यार्थ्यांना आपले काम भित्तिपत्रकाच्या आणि भाषणाच्या रूपाने परीक्षकांपुढे मांडावे लागते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र १९८५ पासून काम करीत असून, तेथील विद्यार्थ्यांच्या शिक्षणात प्रत्यक्ष गावात राहून करावयाच्या अभ्यासाला महत्त्वाचे स्थान आहे. महाविद्यालये व जिल्हा प्रशासन यांची सांगड घालण्याच्या हेतूने राज्य शासनाने २०१६ साली उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले. गावाची पाणीपुरवठा योजना किंवा सिंचनाचा प्रश्न हा विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा विषय व्हावा, ही त्यामागील भूमिका आहे.

मराठीतून लिहिण्याच्या कौशल्यासाठीही आधार आहेत. शासनाच्या भाषा संचालनालयाने निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले आहेत आणि मराठी विश्वकोशाने शास्त्रीय विषय मोजक्या शब्दांत मांडण्याचा आदर्श घालून दिला आहे. आपल्या विषयावर विश्वकोशाच्या धर्तीची एक नोंद लिहिणे, हा संशोधक विद्यार्थ्यासाठी उत्तम अभ्यास ठरेल. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानेही २०१८ साली ‘अवसर’ या नावाने पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांकडून त्यांच्या संशोधनावर सुबोध लेख मागविण्याची योजना सुरू केली होती.

अडचणी

साधने असूनही अडचणी कमी नाहीत. पहिली अडचण वेळेची. ग्रामीण महाविद्यालयांतील अनेक अध्यापक नोकरी सांभाळून पीएच.डी. करतात. त्यांना दिवसा तास घ्यावे लागतात, परीक्षेची कामे असतात. विद्यापीठाच्या ठिकाणी आठवडाभर होणारी कार्यशाळा त्यांना गैरसोयीची ठरते.

दुसरी अडचण भाषेची. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला विषय समजतो, परंतु इंग्रजी निबंध वाचताना व लिहिताना तो अडखळतो. त्यातून उसनी वाक्ये जुळविण्याची सवय लागते व पुढे वाङ्मयचौर्याचा ठपका येतो. येथे दोष बुद्धीचा नसून शिक्षणाचा असतो. आधी मराठीत विचार मांडून मग तो इंग्रजीत नेण्याचा नियमित सराव, ही यावरची साधी तोड आहे.

तिसरी अडचण प्रमाणपत्रांची. एक-दोन दिवसांची चर्चासत्रे, ऐनवेळी वाचलेले निबंध आणि हाती पडलेली प्रमाणपत्रे यांची जाड फाइल म्हणजे व्यावसायिक विकास, असा एक गैरसमज पसरला आहे. प्रमाणपत्राने उपस्थिती सिद्ध होते, कौशल्य नव्हे. अभ्यासक्रमाचे श्रेयांक वाढले म्हणून ही उणीव दूर होणार नाही. विद्यार्थ्याने काय करून दाखविले, हे पाहिले जाईल तेव्हाच ती दूर होईल.

काय करता येईल?

पुढील गोष्टींसाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. प्रत्येक संशोधन केंद्रात महिन्यातून एकदा सर्व विद्यार्थ्यांनी एकत्र बसून एका शोधनिबंधाचे वाचन व परीक्षण करावे. आठवड्यातून ठराविक दोन तास केवळ लेखनासाठी राखून ठेवावेत. सल्लागार समितीपुढील सादरीकरण बंद खोलीत न उरकता इतर विद्यार्थ्यांनाही तेथे बसण्याची अनुमती द्यावी. दुसऱ्याच्या चुकांतून शिकण्याची ती उत्तम संधी असते. मौखिक परीक्षेपूर्वी सहकाऱ्यांनी एक सराव परीक्षा घ्यावी. नोकरी करणाऱ्यांसाठी ही सर्व सत्रे सुटीच्या दिवशी वा सायंकाळी व्हावीत.

माध्यमिक शाळांचे शिक्षकही यात सहभागी होऊ शकतात. जवळच्या संशोधक विद्यार्थ्याला वर्षातून एक-दोन तास नववी-दहावीच्या वर्गावर बोलावून आपला विषय समजावून देण्यास सांगावे. त्या वर्गातील मुलांना संशोधन म्हणजे काय, हे कळेल आणि संशोधकाला आपली भाषा किती सुबोध आहे, ते कळेल.

अधिकाऱ्यांच्या हातीही बरेच आहे. जिल्हा परिषद, कृषी, आरोग्य व जलसंधारण या विभागांना रोजच्या कामात असे अनेक प्रश्न भेडसावतात, ज्यांचा अभ्यास करण्यास त्यांच्यापाशी वेळ नसतो. अशा प्रश्नांची यादी जवळच्या विद्यापीठाला दिली, तर विद्यार्थ्याला खरा विषय मिळेल आणि विभागाला उत्तर. विद्यार्थ्याला काही आठवडे कार्यालयात बसून नोंदी पाहण्याची संधी दिली, तर शासनाचे काम कसे चालते, याचे शिक्षणही त्याला मिळेल.

पंचायत सदस्यांची भूमिका सर्वांत साधी आणि कदाचित सर्वांत परिणामकारक आहे. गावात प्रश्नावली घेऊन येणाऱ्या प्रत्येक संशोधकाला सरपंचाने तीन प्रश्न विचारावेत. ही माहिती कशासाठी हवी आहे? लोकांची नावे कोठे व कशी राखली जातील? आणि निष्कर्ष ग्रामसभेत कधी सांगितले जातील? हे प्रश्न अडवणुकीसाठी नव्हेत. ज्या विद्यार्थ्याला त्यांची उत्तरे देता येतात, त्याचे संशोधन बहुधा नीट आखलेले असते. ज्याला देता येत नाहीत, त्याला ती शोधावी लागतील. दोन्ही परींनी त्याचे शिक्षणच होईल.

प्रबंध एकदा लिहिला जातो. तो लिहिणारी व्यक्ती पुढे तीस-चाळीस वर्षे काम करते, शिकविते, निर्णय घेते. म्हणून पीएच.डी.चे यश किती प्रबंध स्वीकारले गेले यावरून मोजण्यापेक्षा किती जाणते, सचोटीचे आणि लोकांशी बोलू शकणारे संशोधक समाजाला मिळाले, यावरून मोजणे अधिक योग्य होय. नियमांनी दिशा दाखविली आहे. विद्यापीठ, शासन, शाळा आणि ग्रामपंचायत यांनी आपापला वाटा उचलला, तर संशोधकाचे हे शिक्षण योगायोगावर अवलंबून राहणार नाही आणि विहिरीच्या पाण्यावर झालेला अभ्यास त्या विहिरीच्या मालकापर्यंतही पोहोचेल.